बोल्ट ‘धरला’ की ‘जाम झाला’?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे : जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीविषयी टिपण लिहिताना त्यांनी ‘सायलेन्सरचे बोल्ट धरले असतील तर आधी तेल सोडावे’ असे वाक्य लिहिले होते. पुण्यातील एका नातेवाइकांनी त्यातील ‘धरले’ खोडून ‘जाम झाले’ असे केले आणि ‘धरले’ ही कानडीची छाया असल्याचे सांगितले. हे खरे मानावे काय?

माझ्या मते मूळ शब्दच ठेवावा. ‘धरणे’ हे क्रियापद एरवी सकर्मक आहे. कोणीतरी काहीतरी धरतो. परंतु ‘पाठ धरली’, ‘मान धरली’, ‘थंडीने सांधे धरले’ या वाक्यांत धरणारा कोणीच नाही. ज्या अवयवाची हालचाल खुंटली तोच कर्ता आहे आणि क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘बोल्ट धरला’, ‘चाकी (म्हणजे नट) धरली’ ही रचना नेमकी त्याच साच्यातली आहे. सीमाभागापासून कितीतरी दूर, जिथे कानडी कानावरही पडत नाही, तिथली माणसेही कंबर धरल्याची तक्रार याच शब्दांत करतात.

कानडीशी साम्य आहे, हे मात्र नाकारू नये. कानडीत कंबर धरली की ‘सोंट हिडिदिदे’ म्हणतात आणि लोखंडाला गंज चढला की ‘तुक्कु हिडिदिदे’. ‘हिडि’ म्हणजे धरणे. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या गॅरेजांत एकाच ट्रॅक्टरखाली दोन्ही भाषा बोलल्या जातात, तेव्हा अशा साम्यामुळे तो प्रयोग तिथे अधिक घट्ट रुजला असेल, असे मानायला जागा आहे. पण साम्य म्हणजे उसनवारी नव्हे, आणि बेळगावकडच्या मराठीत जे जे वेगळे भासते ते ते कानडीच्या खात्यावर टाकण्याची सवय मला मनापासून खटकते, कारण तिच्यापायी मराठीचेच अस्सल प्रयोग लेखनातून खोडले जातात.

आता अर्थाकडे वळू. ‘गंजला’ म्हटल्याने बोल्ट फिरत नाही असे सिद्ध होत नाही. वरून तांबूस झालेला बोल्टही पाना लावताच सुटू शकतो. ‘जाम झाला’ हा शब्द चुकीचा नाही, पण फार व्यापक आहे : आट्यांत कचरा अडकला, आटे तिरपे चढले, दांडा वाकला, तरी जामच. ‘बसला’ तर इथे टाळावाच, कारण ‘बोल्ट नीट बसला’ याचा अर्थ काम चांगले झाले असा होतो. ‘धरला’ मात्र नेमकी स्थिती सांगतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे बोल्टाचे आटे आणि चाकीचे आटे यांमधली बारीक फट भरून जाते आणि दोन्ही एकमेकांना आवळून राहतात. म्हणूनच नुसता जोर लावल्यास बोल्टाचे डोके तुटते किंवा कडा गोल होऊन पाना घसरतो, आणि त्यासाठीच जाणता मिस्त्री आधी तेल मुरू देतो, हातोडीने हलके ठोके देतो, बोल्ट किंचित आवळून मग उलटा फिरवतो, तरीही न हलल्यास चाकी तापवून तिला फुगू देतो. हे सगळे उपाय ती पकड मोडण्याचे आहेत, आणि पकडीची ही कल्पना ‘जाम’मध्ये येत नाही.

याच्या उलट अर्थासाठी ‘सुटला’ किंवा ‘मोकळा झाला’ लिहावे. ‘ढिला झाला’ इथे नको. इंजिनाच्या हादऱ्यांनी आपोआप सैल झालेल्या बोल्टालाही ढिलाच म्हणतात आणि तो तर दोष आहे.

एका ठिकाणी मात्र सावधगिरी हवी. ‘बोल्ट धरला’ एवढेच लिहिले तर कोणीतरी तो हातात धरला असाही अर्थ निघतो. बोलताना संदर्भाने हा घोटाळा होत नाही, पण लेखनात ‘धरला आहे’ किंवा ‘धरून बसला आहे’ असे स्थितिदर्शक रूप वापरावे. या दुसऱ्या रूपातला ‘बसणे’ केवळ साहाय्यक असल्याने वरचा आक्षेप त्याला लागत नाही. टिपणातील वाक्य मी असे ठेवीन : ‘सायलेन्सरचे बोल्ट धरून बसले असतील तर आदल्या रात्री आट्यांवर तेल सोडून ठेवावे आणि सकाळी ठोके देऊन मगच पाना लावावा.’