गठ्ठा काट्यावर हलका, बिल्टीत जड: पार्ट लोडच्या भाड्याविषयी प्रश्नोत्तरे

पूर्ण गाडी न भरता चार-दोन गठ्ठे किंवा दहा-वीस बॉक्स पाठवणाऱ्यांची संख्या सोलापुरात मोठी आहे. चादरी, टॉवेल, शालेय गणवेश, शेंगा चटणी असा बराच माल येथून याच, म्हणजे ‘पार्ट लोड’च्या, पद्धतीने बाहेर जातो. त्याचे भाडे बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, कसे लावले जाते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रोडवर आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. नागपूरला पाठवलेला प्रत्येक बॉक्स आमच्या काट्यावर 28 किलो भरला, पण बिल्टीवर 36 किलो लावले. ट्रान्सपोर्टवाल्याने काटा मारला का?

काटा मारलेला नाही. आपला बॉक्स काट्याऐवजी टेपने मोजला गेला आहे. आपण कळवलेली मापे 24 × 18 × 18 इंच आहेत. त्यांचा गुणाकार 7776 घन इंच होतो, त्याला 1728 ने भागले की 4.5 घनफूट येतात, आणि प्रत्येक घनफुटाला 8 किलो धरले की बरोबर 36 किलो होतात. प्रत्यक्ष वजन आणि हे आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त, त्यावर भाडे लावायचे, असा या धंद्याचा नियम आहे.

हे 8 किलो कोठून आले, ते समजून घेतले की राग बराचसा निवळतो. असे धरा की, एका गाडीचा हौदा 20 फूट लांब, 8 फूट रुंद आणि माल रचण्याजोगा 7 फूट उंच आहे. म्हणजे जागा झाली 1120 घनफूट. गाडीला 9 टन माल वाहण्याची परवानगी असेल, तर प्रत्येक घनफुटाच्या वाट्याला साधारण 8 किलो येतात. नट-बोल्टच्या पेट्या भरल्या, तर हौदा अर्धा रिकामा असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. टॉवेल भरले, तर वजनाची मर्यादा गाठण्याआधीच जागा संपून ताडपत्री बांधावी लागते. डिझेल, टोल आणि चालकाचा पगार दोन्ही फेऱ्यांना जवळजवळ सारखाच लागतो. म्हणून हलक्या मालाने अडवलेल्या जागेची किंमत वसूल केली जाते, आणि ते मला न्याय्य वाटते.

न्याय्य वाटत नाही ते दुसरेच. हा प्रतिघनफूट आकडा सर्वत्र एकच नसतो. कोणी 6 धरतो, कोणी 8, कोणी 10, आणि दर विचारताना हा आकडा सहसा कोणी सांगत नाही व मालधनीही विचारत नाही. एकाने किलोला 9 रुपये सांगितले आणि दुसऱ्याने 10, तर आपण पहिल्याकडे जातो. पण पहिला घनफुटाला 10 किलो धरत असेल, तर आपल्या बॉक्सचे वजन 45 किलो आणि भाडे 405 रुपये होईल. दुसरा 8 धरत असेल, तर 36 किलोंचे 360 रुपये होतील. स्वस्त दर महाग पडतो तो असा.

मोजणी कशी होते, हेही एकदा उभे राहून पाहावे. एका गोदामात मी पाहत होतो. बुकिंग क्लार्कने टेप बॉक्सच्या कडेला लावलाच नाही. पोट जिथे सर्वांत फुगले होते तिथे लावला, कारण दुसरा बॉक्स शेजारी बसताना त्या फुगवट्यालाच टेकणार होता. कागदावर 18 इंच उंच असलेला तो बॉक्स टेपवर 20 भरला. आपल्या मापाच्या बॉक्सला एवढा फुगवटा आला, तर 4.5 चे 5 घनफूट आणि 36 चे 40 किलो होतात. दोन इंचांना चार किलो! बॉक्स ठासून भरण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि तिची किंमत प्रत्येक बिल्टीत मोजावी लागते.

उपाय प्रेसचा, म्हणजे माल दाबण्याच्या यंत्राचा, आहे. तोच माल दाबून उंची 12 इंचांवर आणली, तर आकारमानाचे वजन 24 किलो होते आणि मग भाडे प्रत्यक्ष 28 किलोंवरच लागते. त्याहून अधिक दाबण्यात अर्थ नाही, कारण 28 च्या खाली भाडे उतरणारच नाही आणि टॉवेलवरचे धाग्यांचे उभे फासे मात्र चपटे होतील. चादरीला दाब सोसतो, टॉवेलला तितका सोसत नाही. म्हणून पहिल्यांदा एकच बॉक्स दाबून पाठवावा आणि उघडल्यावर माल कसा दिसतो, हे ग्राहकाला विचारावे.

प्रश्न : आम्ही गणवेश शिवून पाठवतो. सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला दर कमी पडतो आणि करमाळ्याच्या पुढच्या एका खेड्यात, अंतर निम्मे असूनही, जास्त पडतो. असे का?

पार्ट लोडमध्ये अंतर हा भाड्याचा एक भागच असतो, आणि तोही पुष्कळदा मोठा नसतो. आपला गठ्ठा कारखान्यातून टेम्पोत चढतो, गोदामात उतरतो, लाइनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, गाडीत चढतो, पलीकडच्या गोदामात उतरतो, पुन्हा टेम्पोत चढतो आणि दुकानाच्या दारात उतरतो. या सहा वेळच्या हाताळणीतली हमाली गाव जवळचे म्हणून कमी होत नाही.

पुण्याकडे रोज रात्री गाड्या सुटतात, त्या भरून जातात आणि येताना परतीचा मालही मिळतो, त्यामुळे जाण्याचा खर्च दोन फेऱ्यांत वाटला जातो. आडगावी जाणाऱ्या टेम्पोत तीन गठ्ठे असतात आणि येताना तो रिकामा येतो. तो सारा खर्च त्या तीन गठ्ठ्यांनीच उचलायचा असतो. नेहमीच्या डिलिव्हरी क्षेत्राबाहेरचे गाव असेल, तर त्यासाठी वेगळी रक्कमही लावली जाते. तेव्हा माल करमाळ्याच्या गोदामापर्यंत ‘गोडाऊन डिलिव्हरी’ने पाठवावा आणि तिथून दुकानदाराला त्याच्या सोयीने उचलू द्यावा. बाजाराच्या दिवशी त्याची फेरी तिकडे होतच असेल.

शाळा जूनमध्ये उघडतात आणि मे महिन्यात सगळे शिवणारे एकदम बुकिंगला येतात. तेव्हा दर ताठ होतात, माल गोदामात पडून राहतो. ज्या शाळांची मापे आधी ठरतात, त्यांचा माल एप्रिलमध्येच हलवता आला, तर हलवावा.

प्रश्न : घरगुती शेंगा चटणीचा माझा व्यवसाय आहे. 8 किलोंच्या पेटीला 30 किलोंचे भाडे का घेतात?

कारण ती किमान आकारणी आहे, ताई. बिल्टी फाडणे, नोंद करणे, पेटी चढवणे-उतरवणे हे काम 8 किलोंनाही तेवढेच असते, म्हणून एका बिल्टीला ठरावीक वजनाच्या खाली भाडे उतरत नाही. एका गावचे तीन-चार दुकानदार असतील, तर एकाच दुकानदाराच्या नावे एकत्र बिल्टी करावी आणि पेट्यांवर नावे घालावीत. सुट्या छोट्या पेट्यांसाठी कुरिअरचा दरही विचारून पाहावा. मात्र तिथे लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात, आणि त्या हिशेबात पोकळ पेटी फार महाग पडते. बरण्यांमध्ये कागदाचे बोळे कोंबण्यापेक्षा बरण्यांच्या मापाचीच पेटी घ्यावी.

प्रश्न : टॉवेलचा आमचा अमेरिकी ग्राहक तिकडच्या आतल्या वाहतुकीसाठी ‘फ्रेट क्लास’ विचारतो आणि पॅलेटची (बॉक्स रचण्याच्या लाकडी चौकटीची) मालासहची उंची कमी करा म्हणतो. हे काय प्रकरण आहे?

अमेरिकेत पार्ट लोडच्या मालाला 50 पासून 500 पर्यंतच्या 18 वर्गांपैकी एक वर्ग दिला जातो, तोच फ्रेट क्लास. वर्गाचा आकडा जितका मोठा, तितके भाडे जास्त. वर्ग ठरवताना चार गोष्टी पाहतात: मालाची घनता, तो इतर मालासोबत रचता येतो का, हाताळायला अवघड आहे का, आणि तो फुटण्या-चोरीला जाण्याचा धोका किती. ही वर्गवारी तिथली राष्ट्रीय मोटर फ्रेट ट्रॅफिक असोसिएशन ठेवते. जुलै 2025 मध्ये तिने बऱ्याच मालांचे वर्गीकरण घनतेच्या 13 पायऱ्यांवर आणले, त्यामुळे मापांना आता पूर्वीपेक्षाही अधिक महत्त्व आले आहे.

घनता म्हणजे एका घनफुटात किती पौंड. पॅलेट 48 × 40 इंचांचा, मालासह 60 इंच उंच आणि एकूण 500 पौंडांचा असेल, तर आकारमान 66.67 घनफूट व घनता 7.5 येते, घनतेच्या पायरीने त्याचा वर्ग 125 होतो. तेवढाच माल दाबून 48 इंचांत बसवला, तर आकारमान 53.33 घनफूट व घनता सुमारे 9.4 होते आणि वर्ग 100 वर येतो. मोजताना पॅलेटचे लाकूडही उंचीत आणि वजनात धरले जाते, हे आपल्याकडे हमखास विसरले जाते. तिकडच्या टर्मिनलवर माल पुन्हा मोजतात आणि फरक निघाला, तर वाढीव बिल ग्राहकाला जाते. ते पुढे आपल्याच नावावर येते. म्हणून पॅकिंग लिस्टवर रचून झालेल्या पॅलेटचे प्रत्यक्ष मोजलेले माप घालावे, बॉक्सच्या मापांची बेरीज घालू नये.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी चादरींचे दोन गठ्ठे पावसात भिजून पोहोचले. माल 42,000 रुपयांचा, भाडे 480. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालधन्याची) छापलेले आहे आणि नियमाप्रमाणे 4,800 च मिळतील. हे खरे का?

अर्धे खरे आहे. रस्ते मालवाहतूक अधिनियम 2007 आणि त्याखालचे 2011 चे नियम यांनुसार, जास्त जोखमीचा दर आपण लेखी ठरवून भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. 480 चे दहापट 4,800, हा त्यांचा हिशेब त्यातूनच आला. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगतो की, मालाची किंमत बुकिंगच्या कागदावर लिहावी आणि जोखमीचा जादा दर विचारून घ्यावा. भाड्यात वाचवलेले शंभर रुपये अशा दिवशी फार महाग पडतात, आणि मालधन्याची वर्षभराची कमाई एका भिजलेल्या गठ्ठ्यात जाताना मी पाहिलेली आहे.

पण ‘ओनर्स रिस्क’चा शिक्का मारला म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. माल बिघडला, तर वाहतूकदाराची चूक सिद्ध करण्याचा भार या कायद्याने मालधन्यावर टाकलेला नाही. फाटक्या ताडपत्रीचा फोटो, माल उतरवताना डिलिव्हरीच्या प्रतीवर लिहिलेला ‘दोन गठ्ठे ओले’ हा शेरा आणि दुकानदाराची सही, यांतले आपल्याजवळ काय आहे ते आधी गोळा करा. मालाचा वेगळ्या पॉलिसीने विमा उतरवलेला असेल, तर विमा कंपनीलाही आजच कळवा.

मुदत मात्र विसरू नका. दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत दिलेली असावी लागते. डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजत बसल्यास घात होतो. आपला माल पोहोचूनच चार महिने झाले आहेत आणि बुकिंग त्याआधीचे आहे, म्हणजे साठहून कमी दिवस हातात आहेत. बिल्टीचा क्रमांक, बुकिंगची तारीख, गठ्ठ्यांची संख्या, नुकसानीची रक्कम आणि इनव्हॉइसची प्रत जोडून ती नोटीस या आठवड्यातच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती बिल्टीलाच टाचून ठेवा.