सत्ताधारी आणि विरोधी उमेदवारांच्या पार्श्वभूमीत खरंच फरक असतो का? तुलना कशी करावी?

मी लातूरचा, त्यामुळे मराठवाड्यापुरतं सांगतो. पक्षाच्या नावावर दोन रकाने आखून तुलना केली तर हाती फारसं काही लागत नाही. 2024 च्या विधानसभेत लातूर शहरात काँग्रेसचे अमित देशमुख माजी मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव, तर समोर भाजपच्या अर्चना पाटील चाकूरकर माजी केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सूनबाई. बीडला दोन्ही राष्ट्रवादींकडून क्षीरसागर घराण्यातलेच चुलतभाऊ उभे होते. भोकरला श्रीजया चव्हाण भाजपकडून निवडून आल्या. त्यांचे वडील अशोक चव्हाण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत काँग्रेसमध्ये होते. मग घराणेशाही नेमकी कुणाच्या रकान्यात मांडणार? याला अपवादही आहेत. लातूर लोकसभेत निवडून आलेले काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे पेशाने नेत्रतज्ज्ञ आहेत.

म्हणून आपल्या मतदारसंघातले उमेदवार घ्या आणि त्यांची शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचा. अर्जासोबत नमुना 26 मध्ये ते द्यावंच लागतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट बघायला मिळतं.

गुन्ह्यांचा नुसता आकडा मोजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. विरोधात असलेला माणूस रास्ता रोको करतो, पीकविम्यासाठी तहसीलवर मोर्चा नेतो आणि जमावबंदी मोडल्याचे गुन्हे अंगावर घेतो. जुन्या भारतीय दंड संहितेतली 143, 188, 341 ही कलमं बहुतेक त्यातलीच. असे दहा गुन्हे एकीकडे आणि 420 (फसवणूक) किंवा 302 (खून) चा एकच गुन्हा दुसरीकडे असेल, तर मी दुसऱ्यालाच जास्त घाबरेन. आरोप निश्चित झालेत का, शिक्षा झाली आहे का, हेही तिथंच लिहिलेलं असतं.

फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांवरही जबाबदारी टाकली. गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार का निवडला आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, याची कारणं पक्षाने जाहीर करायची. निव्वळ ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही. दोन्ही बाजूंची ही कारणं जरूर वाचा. ‘समाजकार्यात सक्रिय’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर प्रचाराला आलेल्या कार्यकर्त्याला विचारा, कुठलं काम, कुठल्या गावात?

संपत्तीत एकूण बेरजेपेक्षा मागच्या निवडणुकीपासूनची वाढ पाहा. उमेदवार आधी लढलेला असेल तर त्याचं जुनं शपथपत्र काढा. जमीन, कारखान्याचे शेअर, पत्नीच्या नावावरची मालमत्ता, कर्ज आणि सरकारी थकबाकी हे सगळं ताडून बघा. एक लक्षात घ्या, जमिनीचे बाजारभाव वाढले तरी आकडा फुगतो. वाढ नव्या खरेदीची आहे की जुन्याच सातबाऱ्याची, हे गट नंबर जुळवले की कळतं.