नॉमिनी दादा, घर चौघांचे

प्रश्न : नौपाड्यातील एका जुन्या इमारतीत वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली आमची दोन खोल्यांची सदनिका आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. सोसायटीत त्यांनी नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे नाव दिले होते. दादा, वहिनी आणि आई तिथेच राहतात आणि सोसायटीचा मेंटेनन्स व घरातील दुरुस्त्या दादाच पाहतो. आता इमारत पुनर्विकासाला जात आहे. नवा करार आपल्या एकट्याच्या नावे व्हावा यासाठी मी आणि धाकट्या भावाने हक्कसोडपत्र करून द्यावे, असे दादाचे म्हणणे आहे. धाकटा चिडून आपला हिस्सा दलालाला विकण्याची भाषा करतो. मला भांडण नको आहे. मी सही करावी का?
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : चौघांमध्ये लेखी काही ठरल्याशिवाय सही करू नये. आपल्याला पुढे हिस्सा सोडायचाच असला तरीही माझे उत्तर हेच आहे.

नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत आपल्याकडच्या अनेक कौटुंबिक तंट्यांच्या मुळाशी असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, त्यातील कलम १५४ब-१३ नुसार कायदेशीर वारस सदस्य होईपर्यंत नॉमिनी हा केवळ तात्पुरता सदस्य असतो. मालकी ठरते ती हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे. आजी, म्हणजे वडिलांच्या आई, त्यांच्या आधीच वारल्या असतील, तर आई, दोन्ही भाऊ आणि आपण यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा होतो. मुलींना २००५ पासून हक्क मिळाला असे सरसकट म्हटले जाते, पण ती दुरुस्ती प्रामुख्याने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीविषयी होती; मृत्युपत्राविना वारलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे. भावांनी वाटणी मागेपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे, ती अट मात्र २००५ च्या दुरुस्तीने गेली. भाऊबीजेची ओवाळणी आणि हक्कसोडपत्र यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

असे असले तरी दादांची बाजू पोकळ नाही. एका सहमालकाने सर्वांच्या वतीने भरलेली देणी आणि घर टिकवण्यासाठी केलेला आवश्यक खर्च वाटणीच्या वेळी हिशेबात धरता येतो. म्हणून त्यांच्याकडून मेंटेनन्सच्या पावत्या आणि मोठ्या दुरुस्त्यांची बिले आपणहून मागवून घ्यावीत. त्याच हिशेबात ते कुटुंबासह इतकी वर्षे त्या घरात राहिले, हेही मोकळेपणाने मांडले जावे. आईची सेवा मात्र रुपयांत मांडू नये. ती मांडायला गेले की बोलणी तिथेच मोडतात, असा अनुभव आहे.

धाकट्या भावाची धमकी वाटते तितकी सोपी नाही. वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला, तर १९५६ च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार तो घेण्याचा अग्रहक्क उरलेल्या वारसांचा असतो आणि किमतीवर एकमत न झाल्यास ती न्यायालय ठरवते. त्यातूनही दलालाने हिस्सा घेतलाच, तर कुटुंबाच्या राहत्या घरात घुसून राहण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावल्यास वाटणी अधिनियम, १८९३ च्या कलम ४ खाली घरच्या हिस्सेदारांना न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत मागता येतो. अर्थात हे सारे टाळता आले तर उत्तमच, कारण दोन खोल्यांच्या चार वाटण्या कोणतेही न्यायालय करू शकत नाही आणि प्रकरण शेवटी विक्रीवर येण्याची शक्यताच अधिक असते.

खरा प्रश्न नव्या कराराचा आहे. विकासकाबरोबरच्या कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात ज्यांची नावे जातील, त्यांच्याच नावे नवी सदनिका कागदोपत्री उभी राहील आणि नंतर नाव घालून घेण्यासाठी भावाच्याच सहीची वाट पाहावी लागेल. त्यामुळे त्या करारापूर्वी चौघांनी कौटुंबिक व्यवस्थापत्र करावे. दादांनी घर ठेवून इतरांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम द्यायची, की नव्या सदनिकेवर चौघांची नावे लावायची, हे त्यात स्पष्ट असावे. रक्कम द्यायची ठरल्यास किंमत आजच्या जीर्ण खोल्यांची धरायची की मिळणाऱ्या वाढीव क्षेत्राची, यावरच बहुधा सर्वात जास्त वाद होतो. म्हणून नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून दोन्ही आकडे काढून घ्यावेत. बांधकामाच्या काळात मिळणारे भाडे आई जिथे राहील त्या घरासाठी वापरावे आणि नव्या घरात तिचा तहहयात राहण्याचा हक्क शब्दांत लिहिलेला असावा. तिचा चौथा हिस्सा तिचा आहे. त्याचे काय करायचे, हे तिला तिघांनी एकत्र बसून विचारावे.

हा दस्त नोंदवावाच. आधी तोंडी झालेल्या वाटणीच्या नुसत्या स्मरणपत्राला नोंदणी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली म्हटले आहे खरे. परंतु त्या आधारावर साधा कागद करून ठेवणे म्हणजे पुढच्या पिढीला वाद देऊन जाणे होय. हक्कसोडपत्र करायचे ठरले तर तेही नोंदणीकृतच हवे, आणि आपल्याला मोबदला मिळणार असेल तर त्याची रक्कम त्यात लिहिलेली हवी.

बोलणी घरात पुढे सरकत नसतील, तर नातेवाइकांची बैठक बोलावण्याऐवजी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दावा दाखल करण्यापूर्वीही प्रकरण तडजोडीसाठी तिथे नेता येते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असून त्यावर अपील होत नाही.

दरम्यान, वडिलांचे चार वारस आहेत आणि आपल्या लेखी संमतीशिवाय या सदनिकेचा करार एकाच नावे करू नये, असे पत्र सोसायटीच्या सचिवांना आणि विकासकाला द्यावे व पोच घ्यावी. पत्राची एक प्रत त्याच दिवशी दादांच्या हातात स्वतः नेऊन द्यावी.