बुडखे काढायला स्टम्प ग्राइंडर: घ्यावा का, आणि कोणता?

एकाच विषयावरचे दोन प्रश्न आले आहेत. आजरा भागातल्या एका भाऊंनी काजूची जुनी बाग तोडली, तीसेक बुडखे शेतात उभे आहेत. करवीर तालुक्यातल्या एका ताईंच्या विहिरीजवळ बांधावर निलगिरीचे सहा बुडखे आहेत, त्यांना दर पावसाळ्यात फुटवे येतात. मागे चालत चालवायचा स्टम्प ग्राइंडर घ्यावा का, असं दोघांनी विचारलं आहे.

हे यंत्र बुडखा उपटत नाही. कार्बाइडचे दात बसवलेलं चाक जोरात फिरतं आणि लाकूड खरवडून ढलप्या करतं. बाजूची मुळं जमिनीतच राहतात. निर्णय इथेच होतो.

भाऊ, आधी एक सांगा: झाडं म्हातारी झाली म्हणून तोडली, की रोठ्याने (खोड आणि मुळं पोखरणाऱ्या किडीने) वाळली? बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसत असेल, तर तो रोठाच. त्याच्या अळ्या बुंध्यात आणि मुळांतही पोखरत राहतात. वरून बुडखा खरवडला तरी मुळातली अळी जिवंत राहील, आणि नवी कलमं लावली की तीच कीड तिथे पोसली जाईल. अशा बागेत जेसीबीने मुळासकट उपटून बुडखे शेताबाहेर नेऊन जाळा. ग्राइंडरवर पैसे घालू नका. आणखी एक गोष्ट: तुमच्याकडे जांभा आहे. मुळांत अडकलेल्या जांभ्याच्या दगडांवर आपटून दात लवकर बोथट होतात, तुटतातही.

ताई, तुमचं वेगळं आहे. विहिरीजवळ जेसीबी घातला तर बांध खचेल, पाइपलाइन फुटेल. तुम्हाला ग्राइंडरच योग्य. निलगिरीचे फुटवे बुडख्याच्या बुंध्यातून येतात, म्हणून जमिनीच्या वरचा भाग सपाट करून थांबू नका, आठ-दहा इंच खाली जा. पण सहा बुडख्यांसाठी विकत घेऊ नका, चालकासकट भाड्याने आणा. दरवर्षी काम निघणार असेल किंवा चार-पाच जण मिळून घेणार असाल, तरच खरेदीचा विचार करा.

घ्यायचाच तर मी इंजिनाच्या ताकदीआधी खोली बघेन. रोटाव्हेटर पाच-सहा इंच जातो, पलटी नांगर जवळजवळ फूटभर. ज्या रानात ऊस करायचा, तिथे बारा इंच खोल जाणारं यंत्र हवं, नाहीतर नांगराचा फाळ बुडख्यात अडकेल. फूट-दीड फूट जाडीच्या बुडख्यांना 13-14 एचपीचं पेट्रोल इंजिन पुरतं. त्याहून जाड असतील तर वेळ फार जातो. यंत्र जड असतं, म्हणून चाकांना स्वतःची गती असलेलं घ्या. चढ-उताराच्या रानात ढकलून कंबर मोडते. तुमच्या फाटकातून जाईल ना, ते मोजून घ्या. हँडल सोडताच दातांच्या चाकाची गती तुटते का, हे दुकानात प्रत्यक्ष दाखवायला सांगा. दात आणि बेल्ट कुठे मिळतात, तेही विचारा. बेल्ट, बेअरिंग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिळून जातील, पण दाताचे बोल्ट कंपनीच्याच ताकदीचे हवेत. साधा बोल्ट लावू नका, तुटलेला दात वेल्डिंग करून बसवू नका. तो सुटला तर गोळीसारखा जातो.

काम सुरू करण्याआधी बुडख्याभोवतीची माती टिकावाने मोकळी करून दगड, तार, खिळे काढा. ताई, मोटारीची केबल कुठून गेली आहे ते आधी शोधा आणि स्टार्टर बंद ठेवा. चाक थेट मध्ये रुतवू नका. कडेपासून सुरुवात करून डावी-उजवीकडे फिरवत थोडं थोडं खाली न्या. डोळ्यांना गॉगल, कानाला मफ, पायात जाड बूट. मुलं आणि जनावरं 75 फुटांच्या आत नकोत. वाळलेलं पाचट पसरलेलं असेल तर आधी गोळा करा, दगडावर ठिणगी उडते. वाफसा नसेल तर थांबा, चिखलात चाकं रुततात.

ढलप्यांचा ढीग बुडख्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. तो खड्ड्यात भरून वर पीक घेऊ नका. लाकूड कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं. खड्डा मातीने भरा आणि ढलप्या झाडांच्या आळ्यात बुंध्यापासून दूर आच्छादन म्हणून पसरा. रोठा लागलेल्या काजूच्या ढलप्या मात्र बागेत ठेवू नका.