जुना झुलता पादचारी पूल आजच्या सुरक्षा निकषांत बसवून हुबेहूब पुन्हा उभारता येतो का?

दिसायला हुबेहूब, हो. आतून मात्र तो नवाच पूल असतो. मनोरे, केबलचा झोल, फळ्यांची ठेवण तीच ठेवता येते, पण भाराचं गणित मुळापासून करावं लागतं. आज पादचारी पुलावर गर्दीचा भार साधारण दर चौरस मीटरला 500 किलो धरतात, म्हणजे माणसं अगदी खेटून उभी.

खरी मेख केबलमध्ये. गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल 30 ऑक्टोबर 2022 रोजी कोसळला, तेव्हा तपासात आढळलं की एका मुख्य केबलच्या 49 तारांपैकी 22 आधीच गंजलेल्या होत्या. त्यात लाकडी फळ्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलेलं आणि जुन्या सस्पेंडरना, म्हणजे केबलपासून पुलाचा तळ टांगून धरणाऱ्या दांड्यांना, नवे तुकडे वेल्ड केलेले. याला नूतनीकरण म्हणायचं की रंगरंगोटी? म्हणून जुनी केबल जपायची असेल तर ती शोभेला ठेवा, भार नव्या केबलवर द्या.

मग येतं डुलणं. लंडनचा मिलेनियम पूल नवाकोरा होता, तरी 2000 साली खुला झाल्यावर दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल जरासा आडवा हलला की माणसं तोल सावरायला नकळत त्याच लयीत पावलं टाकतात आणि तो आणखी हलतो. शेवटी डॅम्पर, म्हणजे हेलकावे शोषून घेणारी उपकरणं, बसवून 2002 मध्ये सुरू केला.

कठड्याचं म्हणाल तर जुना बुटका तसाच ठेवून आतल्या बाजूने उंच, बारीक स्टीलची जाळी लावायची. लांबून ती दिसतही नाही.