लिहून नेता, पुढं काय?

गेल्या अंकात या सदरात दिव्यांगांच्या सर्वेक्षणाचा विषय निघाला आणि महिनाभर मराठवाड्यातून पत्रं येत राहिली. माहिती गोळा करणारे येतात, ती माहिती शेवटी कुणाची, असाच बहुतेकांचा सूर आहे. माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, कॅलिपर लावून चालते, आणि अंबाजोगाईला राहून बीड, लातूर, परभणीच्या गावांत याच कामासाठी फिरते. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेतले आहेत.

प्रश्न : ताई, मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. ऊसतोड कुटुंबांतल्या दिव्यांग बायकांवर लघुप्रबंध घेतलाय. केज तालुक्यातल्या एका गावात गेले तर एक आजी म्हणाल्या, “गेल्या साली बी एक पोरगी लिहून घेऊन गेली. तू बी नेशील. पुढं काय?” मला उत्तर देता आलं नाही. मला स्वतःला काही अपंगत्व नाही. हा विषय सोडून देऊ का?
— एक विद्यार्थिनी, बीड

उत्तर : सोडू नकोस. आजींचा प्रश्न प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिही आणि तो डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं काम कर.

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात ल कोर्ट नावाचं अपंगांचं निवासी केंद्र होतं. तिथं राहणारे पॉल हंट आणि त्यांचे सोबती आपला रोजचा कारभार आपल्या हाती यावा म्हणून केंद्राच्या व्यवस्थापनाशी भांडत होते. १९६० च्या दशकात त्यांनी स्वतःहून संशोधकांना बोलावलं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या सामाजिक संशोधन संस्थेचे मिलर आणि ग्विन आले, अभ्यास केला, १९७२ साली पुस्तक छापलं. ते वाचून रहिवाशांना धक्का बसला. समाजाच्या लेखी ही माणसं मेल्यातच जमा आहेत असं त्यात मांडलं होतं, आणि सुचवलेले उपाय केंद्रं चालवणाऱ्यांच्या कामाचे होते. आम्ही तटस्थ आहोत म्हणत या लोकांनी बाजू घेतली आणि ती आमची नव्हती, असं हंट यांनी सडेतोड लिहिलं. तो लेख छापून आला १९८१ साली. तोवर हंट हयात नव्हते. त्यांनी उभ्या केलेल्या संघटनेनं मात्र १९७६ मध्येच मांडून ठेवलं होतं की शरीरात उणीव असणं वेगळं आणि समाजानं वाट अडवणं वेगळं. पुढं ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी, तेही व्हीलचेअर वापरत, सरकारी पाहणीतले प्रश्न घेऊन उलटे करून दाखवले. ‘ऐकू कमी येत असल्यामुळे तुम्हाला लोकांचं बोलणं समजायला अडचण येते का?’ असा सरकारचा प्रश्न. ऑलिव्हर यांनी तो असा केला : ‘लोकांना तुमच्याशी बोलता येत नसल्यामुळे अडचण येते का?’

आता तुझ्या केजला येऊ. तुझ्या प्रश्नावलीत ‘अपंगत्वाचे कारण’ असा रकाना असणार. ऊस तोडताना हात गेलेली बाई त्यावर ‘कोयता लागला’ एवढंच सांगेल आणि तू ते लिहून पुढं जाशील. तिला सांगायचं असतं ते त्याच्या पुढचं. आपल्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली ती जोडीच्या नावावर. तिचा हात गेला की मागं उरतो अर्धा कोयता, आणि उचल मात्र पुरी फेडायची. मग पुढच्या हंगामाला कोण जातं? सासू जाते, की शाळेतून काढलेली मुलगी? मुकादम काय बोलतो? दवाखान्याचा खर्च उचलीत धरला जातो का? मला आजवर दिसलेल्या एकाही छापील प्रश्नावलीत हे विचारलेलं नव्हतं. तिथल्या दोघी-तिघींना प्रश्न तयार करायलाच बसवलंस तर हे आपोआप येईल. तुला अपंगत्व असण्या-नसण्यापेक्षा प्रश्न कुणी ठरवले याला जास्त वजन आहे.

दुसरं, वेळ. दिवाळी ते गुढीपाडवा गाव निम्मं रिकामं असतं. त्या दिवसांत गेलीस तर मागं राहिलेल्याच भेटतील : म्हाताऱ्या, आजारी, आणि ज्यांना फडावर नेऊन उपयोग नाही असं घरानं ठरवलंय अशा. त्यांना कोण भाकरी देतं, पाणी कोण भरतं, हा तुझ्या विषयाचा गाभाच आहे. तेव्हा एकदा हंगामात जा आणि एकदा पाडव्यानंतर.

रोजाचे पैसे दे. पैसे दिले की माणसं मनासारखी उत्तरं देतात, असं काही मार्गदर्शक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. विचारणाऱ्याला प्रवासभत्ता मिळतो, आणि दोन तास खुरपणी सोडून बसलेल्या बाईनं फुकट बोलावं, हे कुठल्या न्यायात बसतं? गुण तर विषयाला सामाजिक न्यायाच्या नावानंच मिळणार आहेत!

आणि प्रबंध जमा करायच्या आधी त्याचा मराठी सार घेऊन गावात जा. अंगणवाडीत बस, मोठ्यानं वाचून दाखव. “हे असं नाही” म्हणून कुणी अडवलं तर तिथंच खोड. आजींना द्यायचं उत्तर ते.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, बोलता येत नाही, पण समजतं सगळं. मागच्या महिन्यात एका अभ्यासासाठी दोघं आले. मला प्रश्न विचारले, एका कागदावर माझी सही घेतली, त्याचे फोटो काढले. आता आधार आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स मागतायत. द्यावी का? नाही म्हटलं तर पगार बंद होईल का?
— एक आई, औसा तालुका

उत्तर : झेरॉक्स देऊ नका. अभ्यासाला कार्डाचा नंबर लागत नाही. आणि संजय गांधी निराधार योजनेचा पगार तहसीलमधून होतो, अभ्यासाला नाही म्हटल्यानं तो थांबत नाही. तसं कुणी सूचित केलं असेल तर तीच तक्रारीची बाब आहे.

तुमच्या बाजूनं कायदा आहे आणि तो फार थोड्या संशोधकांनी वाचलाय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर त्या व्यक्तीची स्वतःची, मोकळेपणानं आणि समजून दिलेली संमती हवी, आणि ती तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली हवी. त्याशिवाय सरकारनं नेमलेल्या संशोधन समितीची आधी परवानगी हवी, आणि त्या समितीतले निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या, पालकांच्या नोंदणीकृत संघटनांचे असायला हवेत. पुन्हा आले की दोनच गोष्टी विचारा : परवानगीचं पत्र कुठंय, आणि माझ्या मुलाला तुम्ही कसं विचारलंत? तुमचा मुलगा सज्ञान आहे. तुमच्या सहीनं त्याची संमती झाली असं होत नाही.

बोलता न येणाऱ्याला विचारायचं कसं, असं ते म्हणतील. परळीकडच्या एका घरातलं सांगते. मुलगा तुमच्या मुलाएवढाच, तोच आजार. आई भाकरी थापता थापता सगळी उत्तरं देत होती. फॉर्मवर ‘साहित्य मिळाले का?’ याला तिनं हो सांगितलं, आणि ते खरंच होतं. शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल पत्र्याखाली उभी होती, वर कडब्याच्या पेंढ्या. हातानं पेडल मारायची सायकल, आणि याचे हात त्याच्या ताब्यात नाहीत. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. हो असेल तर वर बघ, नाही असेल तर डोळे मीट, असं आमचं ठरलं. मग एकेक विचारत गेले. दवाखान्यात जायचंय? डोळे मिटले. टीव्ही? मिटले. बाहेर? वर बघितलं. शेतात? मिटले. पारावर? तो वर बघतच राहिला आणि त्याचं अख्खं अंग हलायला लागलं. आईचा हात पिठातच थांबला. ती म्हणाली, “पारावर? माणसांत बसायचंय व्हय रं तुला?” अडचण होती घरासमोरच्या उघड्या नालीची. त्याला उचलून ती ओलांडणं आईला झेपत नव्हतं, म्हणून कित्येक वर्षं तो दाराच्या बाहेर गेला नव्हता.

नालीवर दोन फरश्या टाकायला फार खर्च येत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून ते झालं. जिल्ह्याच्या अहवालात मात्र त्या घरापुढं नोंद होती ती ‘साहित्य मिळाले : होय’ अशीच. तिथून पुढं मी मुलाखतीच्या वर ‘माहिती देणारा : आई’ असं लिहिलेलं दिसलं की विचारते, लेकराला विचारलं का?

फोटोंचंही तसंच. मुलाला दाखवा, त्याला नको असेल तर काढून टाकायला सांगा.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. गावाच्या दिव्यांग यादीत बोटावर मोजण्याइतकी नावं आहेत. मला मात्र घरोघर माणसं दिसतात. यादी अशी कशी होते?
— पूर्णा, जि. परभणी

उत्तर : दारात उभं राहून “घरात कुणी अपंग आहे का?” असं विचारलं की “नाही” असंच उत्तर येतं. लग्नाची मुलगी असते, पाहुणे काय म्हणतील ही भीती असते. म्हाताऱ्याला दिसत नाही त्याला कुणी अपंगत्व म्हणत नाही, वय झालं म्हणतात.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा जगभराचा अंदाज आहे साधारण १६ टक्के. एवढी तफावत बरीचशी विचारण्याच्या पद्धतीतून येते. संयुक्त राष्ट्रांच्या वॉशिंग्टन गटानं त्यासाठी सहा साधे प्रश्न तयार केलेत. अपंग हा शब्दच त्यांत नाही. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, एका कामात मन लावायला? अंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः करायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावायला, दुसऱ्याचं समजून घ्यायला? प्रत्येकाला चार उत्तरं : अजिबात नाही, थोडी, खूप, मुळीच जमत नाही. तुमच्या वहीत हे सहा लिहून घ्या आणि गृहभेटीत घरातल्या प्रत्येकाबद्दल विचारा. वस्तीवर आणि तांड्यावर आधी जा, कारण यादी करणारे तिथं शेवटी जातात किंवा जातच नाहीत.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हा ऊसतोड टोळ्या कारखान्यांवरच असतात. तुमच्या गावची कोणती कुटुंबं कुठल्या कारखान्याला गेलीत, ही यादी ग्रामसभेत आधीच ठेवून घ्या.

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे. समाजशास्त्रात एमए केलं. संशोधनात काम करायचंय, पण ‘फील्डवर कसे फिरणार?’ म्हणून एका ठिकाणी परत पाठवलं.
— नांदेड

उत्तर : फिरण्यासाठी सोबती लागतो आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरायचा असतो. २०१६ च्या कायद्यात याला वाजवी सोय म्हटलंय आणि ती नाकारणं म्हणजे भेदभाव. लेखी नकार मागा, आणि तो घेऊन पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करा.

दरम्यान नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी सुरू ठेवा. एमएच्या गुणांत सवलत आहे, ५५ ऐवजी ५० टक्के चालतात. पीएचडीला उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा आणि वयात ५ वर्षांची सूट तुम्हाला लागू आहे. दिव्यांगांसाठी वेगळी राष्ट्रीय फेलोशिपही आहे. संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर टाका, तो मराठी वाचतो.

एक गोष्ट अनुभवानं सांगते. ध्वनिमुद्रित मुलाखती शब्दन् शब्द उतरवून काढणारी माणसं आम्हाला कायम कमी पडतात. लातूरकडची, बीडकडची, तांड्यावरची बोली ओळखून, कुठं माणूस अडखळला, कुठं दुसऱ्यानं मध्येच उत्तर दिलं, हे टिपणारा कान हवा असतो. माझ्यासोबत हे काम करणारी एक अंध सहकारी ध्वनिफितीतून सांगते की इथं नवरा खोलीत आला आणि बाईचा आवाज बदलला. डोळस सहकाऱ्यांच्या हातून ते निसटलेलं असतं. पुढच्या अर्जासोबत तुम्ही स्वतः घेतलेली एक मुलाखत, तिचं उतरवलेलं टिपण आणि सोबत्याच्या खर्चाचा हिशेब, हे तिन्ही जोडून पाठवा.