हॅलोविनची कँडी तपासताना काय बघायचं

अगं, अमेरिकेतलं तुमचं पहिलंच हॅलोविन ना, त्या रात्री पोरं घरोघरी जाऊन कँडी गोळा करतात, मग आधी भीती कमी कर. अनोळखी लोक कँडीत विष घालतात असं दरवर्षी ऐकू येतं, पण जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी 1958 पासूनच्या बातम्या तपासल्या आणि अनोळखी माणसाने असं वाटलेल्या कँडीमुळे मूल दगावल्याची एकही पक्की केस त्यांना सापडली नाही. 1974 मध्ये टेक्सासला सायनाइडने मुलगा गेला ते खरं, पण ते त्याच्या सख्ख्या बापानेच केलं होतं, इन्शुरन्सच्या पैशासाठी.

तरी बघायचंच. निघण्याआधी पोरांना पोटभर जेवू घाल म्हणजे रस्त्यात पिशवीत हात जात नाही, आणि घरी आल्यावर सगळं टेबलावर ओत, चांगल्या लाइटखाली. फाटलेलं, उघडं, रॅपर नसलेलं सरळ फेक. रॅपरवर टीएचसी (गांजातला नशेचा घटक) लिहिलेलं नाही ना तेही बघ, गांजाच्या गमी (मऊ चघळायच्या गोळ्या) अगदी साध्या कँडीसारख्याच दिसतात.

खरी काळजी ॲलर्जीची. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर लेबल वाचल्याशिवाय काहीच देऊ नकोस, छोट्या साइजमधले घटक मोठ्या पॅकपेक्षा वेगळे असू शकतात, लेबलच नसेल तर नाहीच. धाकटा चारच्या आतला आहे ना, त्याला कडक गोळ्या, अख्खे दाणे, चिकट टॉफी अजिबात नको, घशात अडकतं. आणि तुम्ही शाकाहारी, तर गमी आणि मार्शमेलोमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, तेही बाजूला काढ.

अंधारात रस्ता क्रॉस करताना मात्र हात सोडू नकोस, त्या रात्री गाड्यांचा धोका कँडीपेक्षा कितीतरी जास्त असतो.